गुरुवारी बाई बुडणार का?

साडेअकराला, ओव्हनमधलं डुकराचं मांस उलटून त्यावर त्याचाच रस ओतताना, आर्डिस कॅडलेकने मनातल्या मनात पुन्हा एकदा डोकी मोजली. तीन पक्की, एक हाताबाहेरचं, आणि एक नवरा, ज्याला एकेचाळीस वर्षांत कुठल्याच रकान्यात बसवता आलं नव्हतं. राहिली मुलगी, लिब्बी. पण लिब्बीला मोजण्यात अर्थ नव्हता. सगळी उठाठेव तिच्यापायीच चालली होती.

मामला तसा सरळ होता. लिब्बी अकरा वर्षं शाळेत वक्तृत्व आणि वादविवाद शिकवत होती. सात महिन्यांपूर्वी ती बिनपगारी रजा टाकून गव्हर्नर अ‍ॅमडलबाईंच्या प्रचाराला गेली. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या नऊ जणांत बाई आठव्या होत्या. शंभरातली तीन माणसं त्यांच्या बाजूने, तीही विचारलं तर. मुख्याध्यापकांना उद्या, सोमवारी दुपारी बाराच्या आत उत्तर हवं होतं: जानेवारीत वर्गावर येणार, की जागा कायमची दुसऱ्याला देऊ? आणि टीव्हीवरचा पुढचा वादविवाद गुरुवारी. मागच्यासारखीच माती खाल्ली तर आयोवातली सगळी कार्यालयं गुंडाळणार, असं बाईंच्याच माणसांनी वर्तमानपत्रांच्या कानात सांगून ठेवलं होतं. म्हणजे परीक्षा गुरुवारी आणि निकाल सोमवारी लावायचा. चुकला तर पोरगी ना इकडची ना तिकडची.

सकाळी नाश्त्याला लिब्बीने हे सगळं सांगितलं, तेव्हा पेपराच्या आडून आर्डिसच्या नवऱ्याचा, मिलोचा आवाज आला होता, "कोपऱ्यांवर टाका."

कॅडलेकांच्या घरात याला दुसरं उत्तर नसे. मिलोच्या वडिलांच्या काळात पक्षाची कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची सभा, लोकांच्या दिवाणखान्यात भरायची. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी आजूबाजूचे लोक बर्फाचे बूट दारात काढून आत यायचे आणि ज्याचा जो उमेदवार, त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. चिठ्ठ्या नाहीत, पडदा नाही; शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून त्याच्या विरुद्ध उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात पुरेशी डोकी नसतील तो कोपरा मोडायचा आणि तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. पुढे कॉकस शाळेच्या व्यायामशाळेत गेली, पण कॅडलेकांनी तिला घरातून जाऊ दिलं नाही. गालिचा कुठल्या रंगाचा घ्यायचा, कुत्र्याला कुठे पुरायचं, ब्लांशआत्याने दुसरं लग्न करावं की नाही, सगळं कोपऱ्यांवर ठरलं. आणि सासऱ्यांनंतर अध्यक्षपद आर्डिसकडे आलं, कारण तिने तीस वर्षं जिल्हा कचेरीत जमिनींची नोंदणी केली होती आणि तिने मोजलेलं पुन्हा मोजायची कुणाची छाती नव्हती.

अध्यक्षाने तटस्थ राहावं असा नियम होता. पण कॉकस सुरू झाल्यावर. सकाळचे आठ ते साडेअकरा या वेळेबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं. गुडघ्याचं निमित्त करून आर्डिसने चर्चला दांडी मारली आणि तीन कामं उरकली.

पहिला फोन मुलाला, क्लार्कला. त्याच्यासाठी फार शब्द खर्चावे लागले नाहीत. "नोव्हेंबर संपत आलाय. बर्फ पडायला लागेल. लिब्बी नसली की आमच्या दारातलं बर्फ कोण उपसतं?"

"मी," क्लार्क म्हणाला. "आई, मी 'बुडणार'च्या कोपऱ्यात, शेगडीपाशी. लिहून ठेव."

दुसरा फोन तिच्या भावाला, वेंडेलला. वेंडेलकडे सातशे डुकरं होती आणि त्या सगळ्यांशी मिळून त्याचं जेवढं पटे तेवढं एकाही माणसाशी पटत नसे. सगळे उजवीकडे निघाले की याने डावीकडे जायचं, ही त्याची जन्माची रीत. आर्डिस त्याला म्हणाली, "काय सांगू तुला, घरातले सगळे म्हणतायत बाई गुरुवारी मैदान मारणार."

"मूर्ख आहेत सगळे," वेंडेल म्हणाला. "बुडणार ती. दगडासारखी."

"तूच सांग आता येऊन," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिसरं काम फोनवरचं नव्हतं. मिलोची थोरली बहीण ब्लांश जो शेवटी तिच्याशी गोड बोलेल त्याची असे, म्हणून शेवटी गोड बोलण्यापेक्षा आधीच गोड खायला घालावं हे बरं. आर्डिसने कोलाचे भाजले, मध्ये खळगा असलेले गोड पाव. बाकीच्यांच्या पावांच्या खळग्यात जर्दाळूचा मुरंबा. चार पावांत खसखस. खसखशीचे कोलाचे ब्लांशचा जीव की प्राण होते, आणि ते वर्षातून एकदा, ख्रिसमसलाच होत.

सूनबाई जोलीनला फोन करण्यात अर्थ नव्हता. तिच्या अंगणात अ‍ॅमडलबाईंच्या नावाची पाटी सप्टेंबरपासून रोवलेली होती.

*

जेवणं बाराच्या ठोक्याला सुरू झाली. मांस, डम्पलिंग, आंबट कोबी. पहिली पाच मिनिटं सगळे ओट्सच्या गिरणीबद्दल, हवेबद्दल आणि ब्लांशच्या मोतीबिंदूबद्दल बोलले, म्हणजे मूळ विषयाला कुणी हात घातला नाही असं सगळ्यांना वाटावं. मग वेंडेलने कोबी वाढून घेता घेता हात घातला.

"मागच्या वेळेला तुझी बाई किती बोलली गं एकूण?"

"चार मिनिटं," लिब्बी म्हणाली. "दोन तासांत."

"आमची डुकरीण पिल्लं घालताना जास्त बोलते."

"मामा, त्या सभ्य आहेत," जोलीन म्हणाली. "ते सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. त्या ओरडल्या नाहीत."

"ओरडल्या नाहीत म्हणजे? तोंडच उघडलं नाही!" क्लार्क म्हणाला. "दर वेळी तो समोरचा सेनेटर मध्ये घुसला की ही आपली थांबायची. 'हो हो, आधी तुमचं होऊ द्या.' अगं, तू राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालीस की लग्नात वाढपी म्हणून?"

"नऊ वेळा," आर्डिस म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नऊ वेळा म्हणाली तसं. मी पाकिटाच्या मागे रेघा ओढत होते. सातव्यांदा तर तो बोलतसुद्धा नव्हता. नुसता खोकला."

लिब्बी हसली. खरंच हसली, आणि आर्डिसला ते आवडलं नाही, कारण हरणाऱ्या बाजूच्या माणसाने असं मोकळं हसायचं नसतं.

मधल्या ताटलीत एक डम्पलिंग उरलं होतं. ताटली सगळीकडून फिरून आली होती आणि प्रत्येकाने ती पुढच्याकडे सरकवली होती. शेवटी ब्लांशने सुरीने त्याचं अर्धं केलं, अर्धं घेतलं आणि ताटली क्लार्ककडे दिली. क्लार्कने अर्ध्याचं अर्धं केलं. उरलेला चतकोर कुणाचाच नव्हता. तो तिथेच वाळत पडला.

"हे बघा," जोलीन म्हणाली. "आणि बाईंना नावं ठेवतायत. या टेबलावर कुणाची छाती आहे ते डम्पलिंग उचलायची?"

मिलोने काटा पुढे केला, चतकोर उचलला, खाल्ला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. हा कौल कुठल्या बाजूचा, हे आर्डिसला कळेना.

*

कोलाचे कॉफीबरोबर आले. ब्लांशच्या ताटलीत चार, काळ्या खसखशीचे. ब्लांशने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा आर्डिसकडे.

"ख्रिसमस लवकर आला का गं?"

"खसखस संपवायची होती," आर्डिस म्हणाली, आणि उभी राहून तिने चमच्याने कप वाजवला. "प्रश्न असा. गुरुवारच्या वादविवादात गव्हर्नर अ‍ॅमडल बुडणार, तगणार की जिंकणार? बुडणार, शेगडीपाशी. तगणार, पियानोपाशी. जिंकणार, मागच्या दारापाशी. ठरत नसेल त्यांनी जिन्यावर बसावं. कोपऱ्यात एकच माणूस उरलं तर कोपरा मोडेल. समसमान झालं तर अध्यक्षाचं मत. हलवाहलव दहा मिनिटं." तिने अंडी उकडायचं घड्याळ फिरवून टेबलावर ठेवलं. ते टिकटिकायला लागलं.

प्रश्नात लिब्बीचं नाव नव्हतं, शाळेचं नव्हतं. असायची गरजही नव्हती.

माणसं उठली. क्लार्क शेगडीला पाठ टेकून उभा राहिला, जणू ऊब घ्यायला आला होता. ब्लांश ताटलीसकट तिथे गेली. वेंडेलही गेला, हात खिशात. जोलीन एकटी पियानोपाशी, हनुवटी वर. मिलो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. त्या पायरीवरचं लाकूड त्याच्या बसण्याने गुळगुळीत झालं होतं. लिब्बी त्याच्या शेजारी बसली.

"तीन, एक, शून्य, जिन्यावर दोन," आर्डिसने जाहीर केलं. आवाजात आनंद दिसू नये म्हणून तिने घसा खाकरला.

इथपर्यंत सगळं सकाळी आखल्यासारखं झालं. मग वेंडेलने मान वळवून आपल्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"तू इथे काय करतोयस?" त्याने क्लार्कला विचारलं.

"बुडणार म्हणून उभा आहे."

"आणि तू?"

"मीसुद्धा," ब्लांश खसखस चघळत म्हणाली.

"आर्डिस!" वेंडेल म्हणाला. "तू तर म्हणालीस सगळे जिंकणार म्हणतायत!"

"कधी म्हणाले?" आर्डिस म्हणाली.

"सकाळी नऊला. फोनवर."

जिन्यावरून लिब्बी म्हणाली, "आणि आत्याला खसखस किती वाजता?"

"अध्यक्षाला प्रश्न विचारता येत नाहीत," आर्डिस म्हणाली. पण तोवर वेंडेल शेगडीपासून निघाला होता. कळपात उभं राहणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. तो तडक मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, डोक्यावर टोपी चढवून.

"जिंकणार," तो म्हणाला.

"मामा, तूच म्हणालास डुकरीण जास्त बोलते!" क्लार्क ओरडला.

"म्हणालो. डुकरिणीला कमी लेखू नकोस."

"एकटा आहेस. कोपरा मोडेल तुझा."

"मोडेल तेव्हा मोडेल."

आता जोलीनला संधी दिसली. आर्डिसने सुनेला चौदा वर्षं पाहिलं होतं. सुनेच्या डोळ्यांत असं तेज आलं की समजावं, कुणाचं तरी काहीतरी जाणार. जोलीन वेंडेलकडे गेली नाही. ती शेगडीकडे गेली आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "आत्या, तुमचं दुसरं लग्न कोपऱ्यांवर टाकलं तेव्हा शेगडीपाशी कोण कोण होतं हो?"

ब्लांशचा चावा अर्धवट राहिला.

"रे हुब्काशी करायचं होतं," ती म्हणाली. "चांगला माणूस होता. पोल्का नाचायचा."

"आणि शेगडीवाल्यांनी काय ठरवलं?"

"की नाचणारा माणूस टिकत नाही." ब्लांशने एक एक करून सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी आर्डिसवर नजर रोखली. "पाच विरुद्ध तीन. तो अजून टिकलाय. व्हिंटनला राहतो. ब्याऐंशीचा आहे. नाचतो."

"आत्या, ते वेगळं, हे वेगळं," क्लार्क म्हणाला.

"वेगळं कसं? या शेगडीपाशी उभं राहून दर वेळी दुसऱ्याचं कसं होणार नाही तेच ठरतं." आणि ब्लांश निघाली, एका हातात काठी, दुसऱ्यात ताटली. तीन कोलाचे अजून शिल्लक होते आणि ते तिच्याबरोबर पियानोपाशी गेले. आर्डिस बघत राहिली. आख्ख्या आयुष्यात तिची एवढी खसखस वाया गेली नव्हती.

"लाच खाऊन पक्ष बदलला!" क्लार्क म्हणाला.

"लाच नव्हती," ब्लांश म्हणाली. "खसखस संपवायची होती."

घड्याळात चार मिनिटं उरली होती. शेगडीपाशी क्लार्क एकटा. पियानोपाशी दोन. दारापाशी वेंडेल. असंच राहिलं तर शेगडीचाही कोपरा मोडणार, आणि मोडला की 'बुडणार' हे उत्तरच रद्द! तीस वर्षांत तिच्या टेबलावरून एकही दस्त चुकीच्या नावावर गेला नव्हता, आणि आज स्वतःची मुलगी डोळ्यांदेखत चालली होती.

"मिलो," ती म्हणाली, "अरे, जरा काहीतरी ठरव."

हे अध्यक्षाने बोलायला नको होतं. सगळ्यांना कळलं, पण कुणी हरकत घेतली नाही, कारण तिच्या आवाजात आता अध्यक्ष नव्हता.

मिलोने गुडघ्यांवर हात ठेवले. "मी काय सांगणार? मी टीव्हीवर चार मिनिटं पाहिलीय त्या बाईला. इथे एक माणूस असं आहे की ज्याने तिला रोज पाहिलंय." तो लिब्बीकडे वळला. "तालमीत कोण होतं गं सेनेटर?"

"मी," लिब्बी म्हणाली. "सप्टेंबरनंतर त्यांना कळलं की मी वादविवाद शिकवते. तेव्हापासून रोज दोन तास मी सेनेटर होते. त्याच्यासारखी मध्ये बोलते, त्याच्यासारखी खोकते."

"मग? कशी आहे?"

"बाबा, ते बाहेर सांगायचं नसतं. कागदावर सही केलीय मी."

"मग सांगू नकोस," मिलो म्हणाला. "उभी राहा."

लिब्बी उठली. पॅंट झटकली. दिवाणखान्याच्या मधोमध ती एक क्षण थांबली. पियानोपाशी जोलीनने सरकून तिच्यासाठी जागा केली. लिब्बीने तिच्या दंडाला हात लावला आणि ती शेगडीपाशी जाऊन क्लार्कच्या शेजारी उभी राहिली.

वेंडेलने टोपी काढली.

"बुडणार?" जोलीन म्हणाली. "लिब्बी, तू?"

"गुरुवारी बुडणार. उभी राहिलेच, तर आता ऐका, पण बाहेर नको. काल दुपारी मी पाच वेळा मध्ये बोलले, पाचही वेळा त्या थांबल्या. पाचव्यांदा तर मला पाण्याचा ग्लास पुढे केला." ती हसली, पण मघासारखी नाही. "नऊच्या पाच होतील. तेवढंच. टीव्हीवाल्यांना पाच आणि नऊ यांत फरक दिसणार नाही."

आर्डिसला हायसं वाटलं. मिलो जिन्यावरून उठला, सावकाश चालत आला आणि लिब्बीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. "तिला माहीत आहे, मग मलाही माहीत आहे," एवढंच म्हणाला. त्या तिसऱ्या पायरीवरून तो अठ्ठ्याऐंशी सालापासून उठला नव्हता.

घड्याळ वाजलं.

"मागचं दार, एक. कोपरा मोडला," आर्डिस म्हणाली. "वेंडेल, कुठे?"

"शेगडीपाशी किती?"

"तीन."

"मग पियानो," वेंडेल म्हणाला, आणि ब्लांशच्या ताटलीतला एक कोलाचे उचलत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ब्लांशने त्याच्या हातावर काठी मारली, पण कोलाचे तोवर त्याच्या तोंडात गेला होता.

"तीन, तीन," आर्डिस म्हणाली. आणि मग, कारण असा प्रसंग आला की अध्यक्षाने एका श्वासात उरकायचं असतं, ती म्हणाली, "अध्यक्षाचं मत शेगडीपाशी. चार विरुद्ध तीन. बुडणार. कॉकस संपली. लिब्बी, फोन आण. रविवार असला तरी मुख्याध्यापक उचलतील."

"फोन नको. मेल करते," लिब्बी म्हणाली. "पण मी परत येणार नाही म्हणून."

*

आर्डिसला वाटलं, आपण कुठलं तरी पान गाळून पुढचं वाचतोय.

"आत्ताच तू स्वतः उभी राहिलीस," ती म्हणाली. "तुझ्या पायांनी."

"प्रश्न काय होता आई? गुरुवारी काय होणार. ते मी खरं सांगितलं. शुक्रवारी मी कुठे असणार, हे कुणी विचारलं नाही."

"तेच तर विचारत होतो आम्ही सगळे!" क्लार्क म्हणाला. "अगं, ती बुडणार, कार्यालयं बंद होणार. तू कुठल्या खुर्चीत बसणार?"

"कदाचित कुठल्याच नाही. कदाचित नाही बंद होणार. डिसेंबरात आणखी एक वादविवाद आहे. तोवर त्या तगल्या, तर पाचाच्या दोन होतील. जानेवारीत शून्य. क्लार्क, दर वर्षी माझ्या वर्गात पंधरा वर्षांची सहा पोरं असतात, शेजारच्याने श्वास घेतला तरी यांचं वाक्य तुटतं. मार्चपर्यंत तीच पोरं पंचांना बोलू देत नाहीत. मला ते येतं. मला ते एकच येतं. आणि पहिल्यांदाच असं माणूस भेटलंय की ज्याचं बोलणं पुरं झालं तर काहीतरी घडेल."

"आणि डिसेंबर आलाच नाही तर?"

"तर नाही आला."

"मग शेगडीपाशी कशाला उभी राहिलीस?" आर्डिस म्हणाली. "पियानोपाशी गेली असतीस तर जिंकली असतीस. शेगडीचा कोपराच मोडला असता. मला मतही देता आलं नसतं."

"कारण ती बुडणार आहे," लिब्बी म्हणाली. "तुझ्यासमोर खोटं मोजायचं म्हणजे काय?"

अशी मुलगी घडवल्याचा राग कुणावर काढायचा, हे आर्डिसला कळेना. जोलीनने पियानोवरचे कप गोळा करायला घेतले. वेंडेल म्हणाला की डुकरांची वेळ झाली, आणि नंतर पाऊण तास दारात उभं राहून मिलोशी बोलला. ब्लांशने क्लार्कला विचारलं, व्हिंटन इथून किती मैल? क्लार्कने दचकून तिच्याकडे पाहिलं.

लिब्बी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेल लिहीत होती. आर्डिसने ताटं धुतली, पुसली, लावली, आणि मग राहवेना म्हणून चष्मा लावून तिच्या मागे उभी राहिली.

"हे काय लिहिलंयस? 'मला फार वाईट वाटतं.' पुढे 'क्षमा असावी.' पुढे परत 'झालेल्या गैरसोयीबद्दल पुन्हा एकदा माफी.' शाळेतून फळा चोरलास का?"

"बरं दिसतं असं लिहिलेलं."

"सरक." आर्डिस खुर्चीत बसली. तिने तिन्ही माफ्या खोडल्या. दोन परिच्छेदांचा एक केला. अकरा वर्षांचा उल्लेख तळाशी होता, तो वर आणला. दस्त कसा हवा, कुठूनही वाचला तरी तोच अर्थ निघणारा. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. 'शक्य असेल तर, आणि आपल्याला अडचण होणार नसेल तरच, पुढच्या वर्षी माझा विचार व्हावा.'

आख्ख्या पत्रात एवढी एकच ओळ आर्डिसच्या बाजूची होती.

"ही कुणासाठी घातलीस?"

"तुझ्यासाठी," लिब्बी म्हणाली.

आर्डिसने ती ओळ दोनदा वाचली. मग दोन्ही 'तर' काढून टाकले आणि टंकलं: 'पुढच्या ऑगस्टमध्ये मी परत येईन.' आता ती ओळ भक्कम होती. तिच्यावर घर बांधता आलं असतं.

"आई, असं मी म्हटलेलं नाही."

"तू गप्प बस, माझं अजून..."

"नाही आई. थांब. माझं होऊ दे."

लिब्बीने संगणक स्वतःकडे वळवला. आवाज चढवला नाही, माफी मागितली नाही. ऑगस्टची ओळ एक एक अक्षर मागे जात पुसली गेली. आर्डिसच्या डोळ्यांसमोर, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. खाली फक्त नाव राहिलं. लिब्बीने ते एकदा वाचून पाहिलं आणि बोट दाबलं.

बाहेर दारात वेंडेल अजून निघतच होता.

"गेलं?" आर्डिसने विचारलं.

"गेलं."

आर्डिसने चष्मा काढला, पदरी आलेलं हे सगळं एकदा नीट पाहावं तसं मुलीकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं. केस कापायला झालेले. धुवायला आणलेल्या कपड्यांची पिशवी दाराशी तशीच.

"उद्याची तालीम किती वाजता?"

"आठला."

"म्हणजे सहाला उठणार. इथून डि मॉइन गाडीने दोन तास." ती उठली आणि तिने पिशवी उचलून लिब्बीच्या हातात दिली. "कपडे तिथेच धू. पाचला अंधार पडतो. नीघ आता."